हेंद्रेपाड्याचं पाणी आणि काचेची नळी

गुप्तहेर हिंदुरावांच्या कचेरीत अंजना खुर्चीवर बसलीच नाही. "साहेब, माझ्या हातच्या पाण्यानं नवरा मेला म्हणून सासूनं माझी पोर काढून बेलवलीला नेली. खरं काय ते शोधा. मला माझी पोर पाहिजे."

१९९० सालचा मे महिना. तिचा नवरा शिवराम उल्हासनगरच्या एका खाजगी लॅबमध्ये जंतू तपासायचा. टायफॉइडनं गेला. हिंदुरावांनी इस्पितळाचा कागद वाचला. नेहमीच्या औषधाला जंतूनं दाद दिली नव्हती.

"घरात आणखी कोणाला ताप?"

"कोणालाच नाही. हेंद्रेपाड्याच्या घरी आम्ही सगळी एकाच हंड्यातलं पितो. सासूबाईसुद्धा, तेव्हा त्या आमच्यातच होत्या."

"मग बाहेरची पाणीपुरी!" सहायक बाळाजी म्हणाला. त्याला प्रत्येक गुन्ह्यात पाणीपुरीच दिसायची.

लॅबच्या डॉक्टरांनी कपाट उघडलं. "सेफ्टी में हम एक नंबर! नळीत द्रव ओढायला हा रबरी फुगा. लॅबमध्ये हा एकच, पण आहे." फुगा सीलबंद पाकिटात होता.

नळ्या धुणारी गोदू म्हणाली, "शिवरामदादा लय फास्ट. दिवसाला साठ नमुने! मी नळीच्या वरच्या टोकात कापूस घालायची, तर डाक्टर बोलले, टाइम खोटी करू नको."

रजिस्टरात नऊ एप्रिलला एका रुग्णाचा टायफॉइडचा जंतू होता. त्यावरही तेच औषध निकामी. खाली शिवरामची सही.

"आणि शिवरामला ताप कधी आला?" हिंदुरावांनी सोबत आलेल्या अंजनाला विचारलं.

"एकवीस एप्रिलला," ती म्हणाली.

बेलवलीला सासू विठाबाईंसमोर हिंदुराव बोलले. अंजना आणि गोदूही आल्या होत्या. डॉक्टर आले नाहीत.

"पाणी वाईट असतं तर सगळे आजारी पडले असते. शिवरामला लॅबमधलाच जंतू लागला. बारा दिवसांत ताप, त्याच औषधाला दाद नाही. एकुलता एक फुगा सीलबंद, मग साठ नमुने कशानं ओढले? तोंडानं! कापूस असता तर वर आलेला घोट तिथंच अडला असता."

"सगळेच तोंडानं ओढतात," गोदू पुटपुटली. "फुगा मागणाऱ्याला कच्चा म्हणून हसतात. आजपण ओढलं."

बाळाजी खुशीत म्हणाला, "म्हणजे अंजनाताई सुटल्या!"

विठाबाईंनी पोरीला जवळ ओढलं.

"पानी नव्हतं, ते मला पैल्यापास्नं ठाव हाय," त्या म्हणाल्या. "पन पोर दिली, तर माज्यापाशी माज्या शिवरामचं काय उरतं?"

अंजना हात पसरून पुढे झाली. हिंदुरावांना आपल्या हुशारीची लाज वाटली.

विठाबाईंनी पोरीला कडेवर घेतलं, आत गेल्या आणि कडी लावली.