सायलस व्हेरिलचं नाव

रविवारची प्रार्थना सुरू व्हायच्या आधीच पेलहॅम पाद्रींनी टॅबबाईंना बोलावणं धाडलं. स्कार्बीच्या चर्चच्या आवारात, समुद्राकडच्या भिंतीशी, बचावनौकेवर बुडालेल्यांच्या स्मरणार्थ उभारलेला दगड होता. त्यावरच्या नऊ नावांपैकी एक कुणीतरी छिन्नीनं खरवडून टाकलं होतं. सायलस व्हेरिल.

टॅबबाईंचा जन्म गावच्या शाळेत शिकवण्यात गेला होता. आता त्या गावाचा इतिहास लिहीत होत्या. त्या दगडापुढे वाकल्या. बाकीच्या आठ नावांवरचं शेवाळ हलक्या हातानं साफ केलेलं होतं. ओल्या मातीत गुडघ्याचा ठसा होता, एकच. शेजारी टाच घासत गेल्याची लांब रेघ.

पाद्रींचा संशय गावातल्या टवाळ पोरांवर होता.

"पोरं शेवाळ साफ करत बसत नाहीत," बाई म्हणाल्या.

पलीकडे सायलसच्या विधवेची, मार्थाची कबर अजून ओली होती. गेल्याच आठवड्यात तिला पुरलं होतं. तेव्हा म्हाताऱ्या आयझॅक हार्लंडनं, एक पाय ताठ असूनही, शवपेटीला खांदा दिला होता. बुडालेल्या बचावनौकेचा तो तांडेल, म्हणजे प्रमुख. नौका बुडवणाऱ्या त्या जुन्या वादळातून एकटाच परतलेला, तोही पाय कायमचा अधू होऊन.

बाई तडक त्याच्या घरी गेल्या.

"छिन्नी कुणाची होती, आयझॅक?"

त्यानं विस्तवात एक लाकूड सारलं. "माझीच."

"सायलस नौकेत नव्हताच ना?"

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. त्या दगडावर राग असता, तर तो फोडला असतात. पण बाकीची नावं तुम्ही जपलीत. गुडघा एकच टेकलात, दुसरा वाकत नाही म्हणून. आणि मार्था जाईपर्यंत थांबलात. त्या वादळाच्या रात्री अंधारात नौकेत कोण चढलं होतं, हे जाणणारं तुमच्याशिवाय उरलंय कोण?"

मग आयझॅकनं सगळं सांगितलं. सायलस पाण्यापर्यंत आला, लाटा बघितल्या आणि वल्हं टाकून पळाला. एक वल्हं कमी पडलं, नौका लाटेला आडवी गेली. सायलस पुन्हा कुणाला दिसला नाही. मार्था तेव्हा पोटुशी होती, म्हणून आयझॅकनं गावाला सांगितलं की तोही बुडाला.

"तिला पळपुट्याची बायको म्हणून कसं जगू द्यायचं? पण माझा भाऊ त्याच दगडावर आहे, बाई. दरवर्षी त्या नावापुढेही मान झुकवली. आता नाही जमत. तुम्ही लिहून टाका खरं काय ते."

बाईंनी सायलसच्या शौर्यावर अख्खं प्रकरण लिहिलं होतं. 

"लिहीन," त्या म्हणाल्या. "पण मार्थाच्या लेकीला, हेस्टरला, तिच्या बापाबद्दल माझ्या पुस्तकातून कळायला नको."

आयझॅकनं टोपी घेतली. दोघं उतार उतरून हेस्टरच्या दाराशी आले. तिचे डोळे रडून सुजले होते. तिनं म्हाताऱ्याचा हात धरला.

"बरं झालं आलात, काका. बाबांचं नाव कुणी पुसलं, कळलं का?"

"मी, पोरी," आयझॅक म्हणाला. "आत येऊ का?"