चुकीच्या जाळीतले हिरडे

नीट लावलेली साठ रोपं मेली आणि चुकून लावलेली चाळीस जगली, हे कोडं केतकीला मुळीच आवडलं नाही. कारण नीट लावून घेतलेली तिची होती आणि चूक कुदळ्याची.

कुदळ्या हा रोपं लावणारा यंत्रमानव. दोन वर्षांपूर्वी अंजनवाडीच्या बोडक्या डोंगरावर केतकीने त्याला सांगितलं होतं, "शंभर हिरडे लाव. रोपं जाळीत ठेव." जाळी म्हणजे तारेची! पण कुदळ्याला मराठी शिकवली होती गावच्या गुराख्यांनी. त्याच्या लेखी जाळी म्हणजे करवंदाची. केतकीच्या लक्षात येईपर्यंत चाळीस रोपं काट्यांत गेली होती. तेव्हा तिने जे सुनावलं, ते त्याने स्मृतीत जपून ठेवलं होतं.

आणि उद्या सरपंचबाई झुडपं उपटायला यंत्र आणणार होत्या. नवी झाडं लावायची तर डोंगर आधी स्वच्छ हवा, असं त्यांचं म्हणणं. फोटोतही बरा दिसतो. म्हणजे जाळ्यांबरोबर चाळीस हिरडेही जाणार.

"आत्या, करवंद रोपांचं पाणी पळवत नाही?"

आत्या वनशास्त्रज्ञ. तिने तापमापी पुढे केली. "मोज."

उघड्या मातीत बावन्न अंश. जाळीखाली चौतीस.

"पाणी थोडं पितं गं. पण सावलीमुळे मातीतली ओल टिकते, वारा अडतो. पानं गळून ह्युमस (पानं कुजून झालेली सुपीक माती) तयार होतं. तारेने शेळ्या अडवल्या. ऊन कोण अडवणार?"

"पण इथे शेळ्यांना कोण अडवतं?"

"हात घालून बघ."

केतकीने घातला. तेवढं कोडं ताबडतोब सुटलं.

"अशा झुडपाला परिचारिका वनस्पती (दुसऱ्या रोपाला लहानपणी सांभाळणारी वनस्पती) म्हणतात," आत्या म्हणाली. "हिरडा मोठा झाला, की जाळीच्या वर डोकं काढतो."

सकाळी यंत्र धडधडत आलं. केतकीने काठीने जाळी बाजूला केली. आत गुडघाभर उंचीचा हिरडा, पानं तुकतुकीत. सरपंचबाई वाकून बघतच राहिल्या.

"आपल्या डोंगरावर हिरडा? कुणी जगवला?"

केतकीने कुदळ्याला पुढे केलं. "करवंदाने. आणि लावला आमच्या कुदळ्याने."

"यंत्र मागे घ्या हो," सरपंचबाई म्हणाल्या. "आणि फोटो जाळीचा काढा."

कुदळ्याने मान ताठ केली. "केतकीताई, दोन वर्षांपूर्वीचं बोलणं पुसू का?"

"पूस." तिने रोपांचा नवा ट्रे त्याच्या हातात दिला. "ही दोनशे. जाळीत लाव."

"कोणत्या जाळीत?"

"गुराख्यांच्या!"