दोनशे बाराव्या ओळीवरचा ठिपका

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

गेल्या डिसेंबरातला गुरुवार. गाव औलू, फिनलंड. दुपारचे साडेतीन.

आमच्याकडे डिसेंबरात साडेतीनला मिट्ट काळोख असतो, म्हणजे रात्रच म्हणा.

माझ्याबरोबर प्रोग्रॅम तपासायचं काम करणारी सिर्पा घरी एकटी कामाला बसली होती. सोमवारी लाकडाच्या गिरणीत क्रेनचा नवा प्रोग्रॅम चालू व्हायचा होता. त्याच क्रेनखाली तिचा धाकटा भाऊ तेरो ओंडके लावायचा. म्हणून तर तपासणी तिने हट्टाने मागून घेतली होती.

चालता प्रोग्रॅम मधेच थांबवून त्याच्या पोटात काय चाललंय ते दाखवतो, तो डिबगर. सिर्पाचा डिबगर तिने आणि तिच्या जुन्या सहकाऱ्याने, म्हाताऱ्या रायमोने, मिळून बनवलेला. काळा पडदा, त्यावर नुसती अक्षरं. जिथे थांबायचं त्या ओळीवर लाल ठिपका लावायचा. रायमो जंगलातल्या घरात, ही इथे, पण पडदा दोघांचा एकच. कोपऱ्यात आकडा असायचा... जोडलेले: २.

रायमो ऑगस्टमध्ये वारला.

सिर्पाने प्रोग्रॅम सुरू केला.

तो थांबला... दोनशे बाराव्या ओळीवर.

तिथे लाल ठिपका होता. तिने लावलेला नव्हता.

तिने कोपऱ्यात पाहिलं...

जोडलेले: २.

तिने तेरोला फोन लावला.

"अरे, कुणीतरी माझ्या पडद्यावर आहे."

"कोण असणार? तुझा रायमो!" तेरो खो खो हसला. "मेला तरी म्हातारा तुझ्या चुका काढतोय!"

"गप रे! जुनं कनेक्शन लटकलं असेल."

"मग दुरुस्त कर आणि वाफ घ्यायला ये, सॉना तापवू. भित्री कुठली!"

फोन ठेवल्यावर तिला आठवलं. रायमोचा संगणक तिच्याच कपाटात होता. वायर गुंडाळून तिनेच ठेवलेला.

तिने ठिपका काढला.

तो परत लागला.

पुन्हा काढला. पुन्हा लागला.

आणि मग कपाटातून... टक्.

टक्... टक्.

रायमो एकाच बोटाने टाइप करायचा.

कपाट उघडायची तिची छाती झाली नाही. मग आमच्या धंद्यातलं कुणीही करेल तेच तिने केलं. आपल्याच अवजारात खोट आहे असं धरलं, आणि ती दुरुस्त करायला बसली. सहापर्यंत काम झालं. नव्या आवृत्तीतल्या बदलांच्या यादीत तिने लिहिलं, "सुधारणा: न लावलेला ठिपका आता दिसणार नाही. अडकलेली जोडणी आपोआप तुटेल."

जोडलेले: १.

कपाट गप्प झालं.

प्रोग्रॅम कुठेही न अडखळता शेवटपर्यंत धावला. तपासणी पास. तिने सही केली आणि सॉनाला गेली.

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी क्रेनचा हात खाली आला. तेरो खालीच उभा होता.

हॉस्पिटलपर्यंतही पोचला नाही बिचारा.

चौकशीवाल्यांनी सिर्पासमोर एक कागद ठेवला. क्रेनखाली माणूस आहे की नाही, हे सांगणाऱ्या सेन्सरची वायर थंडीने तुटली होती. सेन्सर गप्प झाला तर हात जागीच थांबायला हवा होता. पण प्रोग्रॅममध्ये उलटं लिहिलं होतं. सेन्सर गप्प, म्हणजे खाली कुणी नाही.

ओळ दोनशे बारा.

"मी ठिपकाच पुसत बसले रे," सिर्पा मला म्हणाली. समोरची कॉफी गार झाली होती. "तीन वेळा त्याने तिथे बोट ठेवलं. मी ती ओळ एकदासुद्धा वाचली नाही."

तिने नोकरी सोडली. डिबगर आता मी सांभाळतो. रायमोचा संगणकही माझ्याकडेच आलाय.

तिची ती सुधारणा काढून टाकायला हवी, हे मला कळतं. दोनदा बसलोही त्यासाठी. पण माझी मुलगी त्याच गिरणीत कामाला आहे... आणि ठिपका कुठल्या ओळीवर लागेल, ते बघायचा मला धीर होत नाही.