पुलाच्या पोटातले ठोके

काम तसं किरकोळच. जुन्या पुलाच्या पोटात शिरायचं, छताला हातोडी ठोकत जायचं आणि जेवायच्या वेळेला बाहेर. पूल आतून पोकळ, लांबच लांब पेटीसारखा. भर दुपारीही बॅटरीशिवाय स्वतःचा हात दिसत नसे. काँक्रीट खणखणीत वाजलं तर पास. बद्द वाजलं तर आत पोकळी. तिथं खडूनं गोल काढायचा, म्हणजे मिस्त्री त्याखाली उभा राहत नाही. या ऐकण्याच्या कामामुळे सगळे त्याला कानसेन म्हणत, आणि तोही मिरवून घेई.

आठ महिन्यांपूर्वी मात्र कानसेन आत गेलाच नव्हता. वटवाघळांची घाण नाकात बसते म्हणून बाहेर सावलीत बसला आणि बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे मिस्त्रीला, म्हणाला, "भाऊजी, ठणठणीत आहे. बिनधास्त जा."

भाऊजी गेले. छत त्यांच्यावर आलं.

चौकशीत कानसेननं सांगितलं, "मी गोल काढला होता. त्यांचंच लक्ष नसेल." मेलेला माणूस थोडाच उलट बोलतो! बहिणीनं मान खाली घालून ऐकलं, आणि आपल्या माणसाच्या चुकीची लाज तीच वागवत राहिली. वर भावाला रोज दुपारी जेवायलाही वाढायची. तो घास गिळताना त्याची नजर ताटातून वर येत नसे.

आता छताला नवं काँक्रीट बसलं होतं. केसासारख्या पोलादी तारा मिसळलेलं, जुन्याहून कितीतरी पट दणकट. "आपण सगळे जाऊ, कानसेन, हे राहील," असं साहेब कौतुकानं म्हणायचे.

खण्. खण्. खण्. वरून गाड्या घरघरत जात होत्या. ओल्या सिमेंटचा गार वास नाकात भरला होता. आणि मग, भाऊजी सापडले होते बरोबर त्या जागी...

बद्द.

"शक्यच नाही..." तो पुटपुटला. पुन्हा ठोकलं. बद्द.

आणि काँक्रीटच्या आतून उत्तर आलं. दोन ठोके... जरा थांबून तिसरा. भाऊजी त्याला जेवायला बोलवायचे ते असेच, हातोडीनं; घरचं दारही तसंच वाजवायचे.

खडू खिशातच होता. हात खिशापर्यंत गेला, पण गोल काढायचा धीर झाला नाही.

"काय कानसेन, पास का?" पुलाच्या तोंडाशी उभे असलेले साहेब ओरडले.

"पास... पास, साहेब."

तो तिथून निघाला तो थेट बहिणीच्या स्वयंपाकघरात येऊन टेकला. ताट वाढता वाढता ती थांबली.

"दादा, पाठीवर खडूचा गोल कुणी काढला?"

तिनं झटकायला म्हणून पाठीवर थाप मारली. बद्द.

मग ठोके आले. दोन... जरा थांबून तिसरा.

"आले वाटतं," म्हणत बहीण सवयीनं दार उघडायला वळली. दोन पावलं गेली, आणि थबकली. सावकाश मागे फिरून ती भावाच्या पाठीकडे बघत राहिली.

"दादा..." ती अगदी हळू म्हणाली, "त्या दिवशी तू गोल काढला होतास ना?"

ठोके पुन्हा सुरू झाले. दारावर कुणीच नव्हतं.