तिन्ही पडद्यांवर आलेली चिठ्ठी

"कुशाबाईंचं घर हेच का? केबल टीव्ही बिघडलाय म्हणं…"

सुप्रिया मोडेमच्या नावानं बोटं मोडत बसली होती. "पलीकडचं," ती वर न बघताच म्हणाली. मग बघितलं… आणि बघतच राहिली.

दारातला तो बिरदेव, शेळगावचा. घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखली, याला मात्र वायरींचा नाद. कुशाबाईंचं काम उरकून तो परत आला, तेही कुणी बोलावलेलं नसताना.

"कॉम्प्युटर तीन आन् फोन एकच? मग नेट तिन्हीवर चालवा की."

"थट्टा करताय व्हय?"

"एका पाटाचं पानी तीन वाफ्यांत सोडतात न्हवं? तसंच."

१९९९ साल होतं. जळोचीत सुप्रियानं घरातच कॉम्प्युटरचा क्लास काढला होता, आणि नेटच्या एकुलत्या कॉम्प्युटरपुढे मुली ताटकळत बसायच्या. बिरदेव रोज यायला लागला. भिंतीला भोकं पडली, वायरी फिरल्या. वायर धरता धरता बोटाला बोट लागलं की दोघंही भलतीकडेच बघायची.

"चहा निवतोय…"

"निवू द्या. तेवढंच जास्त बसता येईल."

आणि मग एक दिवस तो खाली मान घालून म्हणाला, "पुण्यात नोकरी लागलीय. सोमवारी हजर व्हायचंय." सुप्रिया नुसतं "बरं" म्हणाली. आता तो न बोलता गेला, तर गेलाच की!

शुक्रवारी दुपारी काम पुरं झालं. बाहेरच्या खोलीत बिरदेव, मधल्या खोलीत सुप्रिया, मागच्या पडवीत तात्या, तिचे वडील. मोडेम कण्हलं, किंचाळलं, शांत झालं. आणि सुप्रियाच्या पडद्यावर कुठल्याशा दूरदेशीची बर्फाची शिखरं हळूहळू उतरू लागली. त्याच वेळी तात्यांपुढे उपग्रहानं टिपलेले ढग.

"वरनं असं दिसतं व्हय आभाळ?" वांगी-टोमॅटोच्या चिंतेत आयुष्यभर खालून आभाळ बघितलेले तात्या पुटपुटले. सुप्रियाच्या अंगावर काटा आला. जग एवढं मोठं, आणि ते एका बारक्या तारेतून आपल्या घरात आलं… आणणारा सोमवारी निघणार.

तेवढ्यात शिखरांवर एक चौकट उघडली. इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर. तिनं वाचला, आणि तिचे कान तापले.

"सुप्रिया!" पडवीतून हाक आली. "माझ्या ढगावर हे काय आलं गं? वाच बरं, मला इंग्रजी येत न्हाय."

सुप्रिया पडवीत गेली, मागोमाग बिरदेव धावत आला. तिचं एकटीचं नाव निवडायच्या गडबडीत त्यानं चिठ्ठी सगळ्या कॉम्प्युटरना धाडली होती! त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाजारभाव आलाय" असं काहीही तिला सांगता आलं असतं. पण खोटं बोलली, की सोमवारची एसटी त्याला घेऊन जाणार. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं आणि मोठ्यानं वाचलं.

"सुप्रिया, तू मला फार आवडतेस. तात्यांकडं तुला मागणी घालू का?"

तात्या ढगांवरची नजर न काढता म्हणाले, "मग? काय सांगायचं त्याला?"

सुप्रिया बिरदेवकडे वळली. "रविवारी… आईला घेऊन या."

"रविवार कशाला?" तात्या म्हणाले. "शेळगाव काय लांब हाय? आजच आणा की!"

तीन खोल्यांत जग आणून सोडणाऱ्या बिरदेवला दारातली स्वतःची चप्पल काही सापडेना.