लाल डोळ्यांचा माणूस

माझ्या धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं, त्या वर्षी मी डोळ्यांच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागले. लग्न मोडलं ते आमच्या बापाच्या पिण्यामुळे. मला एकतिसावं चालू होतं आणि एकही अक्षर येत नव्हतं. कुठली बाटली कुठल्या फळीवर, ते मी बुचाच्या रंगावरून ठरवायची.

तिसऱ्याच दिवशी धुतलेल्या काचनळ्यांचा ट्रे घेऊन वळले, तर बाजूने एक उंच माणूस येऊन सरळ माझ्यावर आदळला. सगळ्या नळ्या फुटल्या.

"दिसत नाही का?" मी म्हटलं.

"बाजूचं जरा कमी दिसतं," असं म्हणून तो काचा गोळा करायला खाली बसला. मग त्याने वर पाहिलं. डोळे लालबुंद.

"सकाळी सकाळीच घेऊन आलात वाटतं."

"नाही हो, ते..."

"लाल डोळ्यांच्या माणसाशी मी बोलत नाही. घरी एक आहे तेवढा पुरे."

तो काहीतरी सांगणार होता. मी ऐकायला थांबले नाही, झाडू आणायला गेले.

पुढच्या आठवड्यात चहाच्या खोलीत तो माझ्या समोर येऊन बसला. डोळे धुतल्यासारखे स्वच्छ.

"आज बोलाल का?"

"बघू. चहा गार होईपर्यंत बोलते."

त्याने माझ्या कपावर बशी झाकली.

त्याला सगळे मोजणीदार म्हणत. लोकांनी मरणानंतर दान केलेल्या डोळ्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे आणि त्यातल्या पेशी मोजायच्या, हे त्याचं काम.

"दिवसभर मोजता तरी काय एवढं?"

"तुमच्या सिंकला जाळी आहे ना, तशी एक डोळ्याच्या कोपऱ्यात असते. डोळ्यात सारखं पाणी तयार होतं. रडायचं नव्हे, आतलं. ते त्या जाळीतून निघून जातं. जाळीच्या धाग्याधाग्यावर पेशी बसलेल्या असतात. झाडूवाल्या समजा. कचरा खातात, वाट मोकळी ठेवतात."

"मग बिघडतं कुठे?"

"त्या मरतात. आणि मेलेलीच्या जागी नवी भरती जवळजवळ नाहीच."

"म्हणजे आमच्या खात्यासारखंच."

तो मनापासून हसला. मग हळू आवाजात म्हणाला, "उरलेल्या कडक होतात. भोवती नको ते साठवत बसतात. पाणी तुंबतं, दाब वाढतो आणि मागची नस चेपत जाते. काचबिंदू म्हणतात तो हाच. दुखत नाही, खुपत नाही... कडेकडेने अंधार आत सरकतो. माझ्या वडिलांचे डोळे तसेच गेले."

"आणि तुमचे?"

"मलाही दाब आहे. पण औषध आहे. तपासणीत आकडा चांगला येतो."

आकडा चांगला यायचा, हे खरंच होतं.

अक्षरं त्यानेच शिकवली, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून. आमच्याकडे नियम होता, बाटली उघडली की तिच्यावर त्या दिवसाची तारीख घालायची आणि महिना झाला की फेकायची. म्हणून मी आधी तारखा वाचायला शिकले, स्वतःचं नाव पुष्कळ नंतर. चुकलं की तो नुसता पेन्सिल वाजवायचा. कधीतरी अहो-जाहो गळून पडलं, कुणाचं आधी ते आठवत नाही.

"तू समोर बसलीस ना, की मला दुसरं काही दिसत नाही," तो एकदा म्हणाला.

"हे किती जणींना सांगून झालंय?"

"अगं, खरंच दिसत नाही."

मी लाजले. शहाणी असते तर घाबरले असते.

एकच खटकायचं. दर तीन महिन्यांनी दहा दिवस तो चहाला फिरकायचा नाही. "काम आहे," म्हणायचा. मी रुसायची. अकराव्या दिवशी स्वच्छ डोळ्यांनी हजर. मग रुसवा कुठला टिकतो?

असं दीड वर्ष गेलं. एका दुपारी त्याच्या कोटाचं बटण लावायला घेतलं, तर खिशात थेंबांची छोटी बाटली सापडली. सवयीने तिच्यावर त्याने तारीख घातली होती. मी वाचली. पाच महिन्यांपूर्वीची. बाटली उजेडात धरली, तर अर्ध्याहून जास्त भरलेली.

"सापडलास," मी हसत म्हटलं. "नियम आम्हालाच का? ही केव्हाच फेकायला हवी होती."

तो हसला नाही.

"रोज घालतोस ना?"

"घातले की डोळे दिवसभर लाल राहतात."

"मग?"

"तपासणीच्या आधी दहा दिवस घालतो. आकडा बरोबर येतो. डॉक्टर म्हणतात, छान, हेच चालू ठेवा."

"अरे पण का?"

तो माझ्या हातातल्या बटणाकडे बघत राहिला. "तू लाल डोळ्यांच्या माणसाशी बोलत नाहीस."

प्रेम आहे, असं त्याने मला एवढ्या एकाच वाक्यात सांगितलं. पुन्हा कधी सांगितलं नाही, सांगावं लागलंही नाही. दिवसभर मेलेल्या पेशी मोजणारा माणूस, त्याला सगळं माहीत होतं. म्हणाला, वाटलं होतं लग्न झालं की नीट घालीन.

त्याच संध्याकाळी मी औषधाच्या दुकानात गेले, नाव स्वतः वाचून नवी बाटली घेतली आणि तारीख घातली. माझ्या हातची पहिली तारीख. दुसऱ्या महिन्यात आम्ही लग्न केलं. सकाळ-संध्याकाळ थेंब मी घालायची. त्याचे डोळे लाल व्हायचे आणि मला ते बघून बरं वाटायचं. पण चेपलेली नस परत येत नाही. पहिल्यापासून रोज घातले असते तर? मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "कदाचित," आणि पुढचा कागद उलटला.

दुसऱ्या वर्षी त्याच्या मोजणीत कडेच्या पेशी सुटायला लागल्या, काम गेलं. सहाव्या वर्षी त्याच्या नजरेतून माझा चेहराही गेला. नाकापासून सुरू करून तो बोटांनी चाचपायचा. थेंब तरीही चालूच ठेवले, बंद करायला माझा हात धजेना.

"लाल झाले का गं?" रोज विचारायचा.

"झाले."

"बोलशील ना?"

"बोलतेय की."

सत्तावीस वर्षं हेच बोलणं. एकदाही मला हसू आलं नाही, आणि एकदाही मी त्याला ते कळू दिलं नाही.

त्याचे डोळे त्याच प्रयोगशाळेला दिले. तिथे आता एक मुलगी मोजते. मी तिला विचारलं, जाळीवर किती उरल्या होत्या?

"फार थोड्या, काकू," ती म्हणाली.

माझा नवरा गेल्या वर्षी सोळा फेब्रुवारीला, सकाळचे थेंब घालायच्या आधी वारला.