पहिल्या दाबाला धरणारा ब्रेक

डाव्या पुढच्या चाकाचा ब्रेक उघडला आणि भिंगबाई शेजारी उभ्या असलेल्या फौजदाराला म्हणाल्या, "पोराची चूक नव्हती."

फौजदाराने खिशातला पेन काढला. भिंगबाई एखादी गोष्ट दोनदा सांगत नाहीत, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

विमा कंपनीसाठी अपघातग्रस्त गाड्या तपासण्यात बाईंची सव्वीस वर्षं गेली होती. पर्समध्ये पावडरच्या डबीऐवजी भिंग असायचं, म्हणून गॅरेजवाल्यांनी हे नाव ठेवलं होतं. तोंडावर कुणी घेत नसे. स्वभाव खडूस, आणि बाईंना तो बदलायची गरज कधी वाटली नव्हती.

समोर पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात ती राखाडी, दोन सीटांची गाडी उभी होती. उभी म्हणायचं एवढंच. पुढचा भाग दारापर्यंत आत गेला होता. तिचा मालक एकोणतीस वर्षांचा, नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन. तीन आठवड्यांपूर्वी त्याने ती जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली. गेल्या रविवारी ती पहिल्यांदा ट्रॅकवर नेली. चौथ्या फेरीत, सरळ पट्टा संपून वळण येतं तिथे, गाडी वळलीच नाही. सरळ भिंतीवर गेली. दवाखान्यात न्यायचंही काही कारण उरलं नाही.

ट्रॅकच्या मॅनेजरने लगेच निकाल देऊन टाकला होता. नवशिका होता, घाबरला, ब्रेक दाबायचा विसरला. पण मागून येणाऱ्या गाडीतल्या कॅमेऱ्यात त्याचे ब्रेकचे लाल दिवे दिसत होते. ते भिंतीपर्यंत लागलेलेच होते.

"पाय ब्रेकवर होता," बाई म्हणाल्या. "दगा ब्रेकने दिला. हे पॅड बघा."

चाकाची चकती दाबून धरणाऱ्या त्या पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकत होता. बाईंनी फौजदाराला समजेल अशा भाषेत सांगितलं. हे रस्त्याचे पॅड. ऑफिसला जायला, सिग्नलला थांबायला उत्तम. पण ट्रॅकवर मिनिटामिनिटाला जीव खाऊन ब्रेक मारावा लागतो. तेवढ्या उष्णतेला हे टिकत नाहीत. भाजून गुळगुळीत होतात, आणि मग पेडलवर उभं राहिलं तरी गाडी थांबत नाही. ट्रॅकसाठी वेगळे पॅड येतात.

फौजदाराने फाइलमधून विक्रीचा कागद काढला. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं: ट्रॅकचे पॅड बसवलेले आहेत.

"म्हणजे विकणाऱ्याने चांगले काढून घेतले आणि साधे घातले," तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. त्याच्या धंद्यात सरळ प्रकरण क्वचितच हाती लागतं. दुपारच्या आत गाडी विकणारा दलाल कोठडीत होता.

बाई मात्र अजून चाकापाशी वाकलेल्या होत्या. पॅड जागेवर ठेवणाऱ्या पिनेला क्लिप असते. ती नव्हती. तिच्याऐवजी बारीक तार होती. तीन पीळ, आणि टोक आत वळवून चपटं केलेलं. बाईंनी सवयीने त्यावरून बोट फिरवलं. ते बोचलं नाही.

मुलाचं घर एका अरुंद गल्लीत होतं. पुढे पत्र्याची शेड, त्यात रिकामी जागा आणि तेलाचा एक गोल डाग.

दार बहिणीने उघडलं. ती ग्रंथालयात काम करायची आणि भावापेक्षा चार वर्षांनी मोठी होती. आत वडील बसले होते. बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले, सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची. दाढी वाढलेली होती, पण नखं स्वच्छ होती. आयुष्यभर ग्रीसमध्ये हात घातलेला माणूस नखांच्या बाबतीत फार काटेकोर असतो.

बहिणीने चहाची किटली आणि कप टेबलावर ठेवले आणि ती बशा आणायला आत गेली. किटलीचा कान मोडला होता, तो तारेने बांधलेला होता. बाईंनी स्वतःच किटली उचलून कप भरला.

"सांभाळून," मिस्त्री म्हणाले. "पण बोचणार नाही. टोक आत घेतलंय."

बाईंनी किटली खाली ठेवली. मग नेहमीचे प्रश्न सुरू केले.

"गाडी घरी आल्यावर तिच्यावर कुणी काम केलं?"

"माझ्या दारात गाडी असताना परक्याचा हात लागू देईन का मी?"

"गॅरेजला दिली होती?"

"नाही."

"ब्रेकची काही तक्रार?"

मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली. "रविवारी पहाटे तो निघायच्या आधी मी स्वतः गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली. थंडगार गाडी. ब्रेक पहिल्या दाबाला धरत होता. माझ्या खात्रीशिवाय त्याला जाऊ दिलं नसतं." ते थांबले. "वर्कशॉपमध्ये आमचा नियम होता, बाई. बसमध्ये साठ माणसं असतात. पहिल्या दाबाला धरत नाही तो ब्रेकच नव्हे."

दलालाला उचलल्याचं बाईंनी सांगितलं. ब्रेकमध्ये नेमकं काय सापडलं ते सांगितलं नाही. तपास चालू असताना पत्ते उघडायचे नाहीत, ही त्यांची जुनी सवय. पुढे त्यांना वाटत राहिलं की त्या दिवशी तरी ती मोडायला हवी होती.

"त्याने गाडीत काय काय लपवलं होतं देव जाणे," मिस्त्री म्हणाले. आवाज चढला नाही. "मला काही नको. ज्याने हे केलं त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा. मला त्याचं तोंड बघायचंय. एवढा शब्द द्या."

बाई कुणालाही शब्द देत नसत. त्या दिवशी दिला.

निघताना बहिणीने एक वही हातात ठेवली. भाऊ सहा वर्षं गाडी निवडत होता. पगार एक, गाडी एक, आणि तिनेच सोमवार ते शनिवार ऑफिसला न्यायचं, महिन्याच्या एका रविवारी ट्रॅकवर पळायचं. लग्नासाठी मुलगी बघतानाही कुणी एवढी छाननी करत नाही, असं घरात त्याला चिडवत असत.

कोठडीत दलाल भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या गोड बोलण्यामुळे बाजारात त्याला साखऱ्या म्हणत. आज साखर विरघळून गेली होती.

"पॅड तू बदललेस?"

"नाही, बाई."

"खरं सांग."

"मी मीटर मागे फिरवलेत. गंजावर रंग मारलाय. सगळं कबूल. पण ब्रेकला हात लावत नाही. गिऱ्हाईक जिवंत राहिलं तर दुसरी गाडी घ्यायला येतं."

"मुलगा एकटाच आला होता?"

"दोनदा एकटा. तिसऱ्यांदा वडिलांना घेऊन. सकाळची वेळ, गाडी थंड. फाटकापाशी ब्रेक उशिरा लागला, आणि गाडी टायरांच्या ढिगाला जाऊन टेकली. म्हातारबुवा जे उतरले ते आत बसेचनात. म्हणाले, असल्या ब्रेकची गाडी माझ्या दारात नको. पोरगा हसत होता. बाबा, हे ट्रॅकचे पॅड आहेत, तापल्यावर धरतात. त्यावर म्हातारबुवा काय म्हणाले माहितेय? म्हणाले, समोर पोर आडवं आलं तर त्याला काय सांगणार, थांब, ब्रेक तापू दे?"

बाई हसल्या नाहीत.

बाहेरच्या बाकावर साखऱ्याची बायको बसली होती. दुकानाच्या काचा लोकांनी सकाळीच फोडल्या होत्या.  बाईंना बघून ती उठून उभी राहिली आणि बाई गेल्यावर पुन्हा बसली.

बाईंनी वही ऑफिसात वाचली. दोन रकाने होते, रस्ता आणि ट्रॅक. नऊ गाड्या खोडलेल्या. एक लाल गाडी जवळजवळ पसंत होती, पण तिच्यापुढे लिहिलं होतं, "रस्त्यावर राणी, ट्रॅकवर म्हैस." राखाडी गाडीपुढे फक्त "हीच."

त्यानंतर रोजच्या नोंदी. गाडी घेऊन बारा दिवस झाल्यावर: "थंड असताना ब्रेक अजून उशिराच. रस्त्यावर अंतर ठेवून चालवायचं." आणि अपघाताच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी: "गल्लीच्या टोकाला सायकलवाला थोडक्यात वाचला. बाबा बोलत नाहीत. उद्या ट्रॅकवर हाच ब्रेक भिंतीसारखा थांबवेल, मग त्यांना व्हिडिओ दाखवेन."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. म्हणजे शनिवारी सकाळपर्यंत गाडीत ट्रॅकचेच पॅड होते. साखऱ्याने काही काढलं नव्हतं.

त्यांनी ग्रंथालयात फोन लावला आणि बहिणीला एकच गोष्ट विचारली. रविवारी वाटेत भावाचा फोन आला होता का?

"आला होता. नाश्त्याला थांबला होता. खुशीत होता. म्हणाला, ताई, आज ब्रेक पहिल्यापासून धरतोय, माझ्या पायाला बहुतेक सवय झाली."

 बहीण मिस्त्रींची मुलगी होती. थंड ब्रेक पहिल्यापासून धरला म्हणजे पॅड बदललेले, हे तिला सांगावं लागत नव्हतं.

"शनिवारी दुपारी तो आणि मी बाजारात होतो, गाडी शेडमध्ये होती," ती म्हणाली. "बाबा एकटे होते घरी. बाई, सांगितलंच पाहिजे का?"

बाईंनी साखऱ्याच्या बायकोचा विचार केला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. साखऱ्या काही संन्यासी नव्हता. आणि इथे चोर तरी कुणाला म्हणायचं? काही मार्ग निघतो का, हे त्या संध्याकाळपर्यंत शोधत राहिल्या. निघाला नाही. वही दाखवली तर फौजदार विचारणार, मग कुणी बदलले? लपवली तर साखऱ्या आत सडणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मिस्त्रींसमोर बसल्या. बहीण दाराला टेकून उभी होती.

"सापडला?" मिस्त्रींनी विचारलं.

"हो. पण आधी ऐकून घ्या. मध्ये बोलू नका."

बाईंनी क्रमाने सांगितलं. गाडीत रस्त्याचे पॅड सापडले, ट्रॅकचे नाहीत. शनिवारी सकाळपर्यंत ट्रॅकचे होते, हे मुलाच्याच अक्षरात आहे. रविवारी पहाटे ते नव्हते.

"हे कशावरून?" मिस्त्रींनी विचारलं.

"तुमच्यावरून. थंड गाडीचा ब्रेक पहिल्या दाबाला धरला, असं तुम्हीच म्हणालात. ट्रॅकचा पॅड थंड असताना तसा धरूच शकत नाही. धरला, म्हणजे बदललेला होता. आणि बदलणाऱ्याला क्लिप परत बसवता आली नाही, म्हणून त्याने तार लावली. तीन पीळ दिले. पुढच्या माणसाच्या हाताला लागू नये म्हणून टोक आत वळवलं. चोर एवढी काळजी घेत नाही, मिस्त्री."

मिस्त्री टेबलावरच्या किटलीकडे बघत होते.

"त्या पॅडमध्ये खोट नव्हती. बसवणाऱ्याच्या हातातही नव्हती. रस्त्यावर त्यांनी शंभर वेळा जीव वाचवला असता. पण ट्रॅकवर तीन फेऱ्यांत ते भाजून निघाले. मुलाला वाटलं खाली ट्रॅकचे आहेत, म्हणून ब्रेक दाबायला तो शेवटच्या क्षणापर्यंत थांबला. दाबलं त्याने वेळेवरच. त्याची काही चूक नव्हती."

मिस्त्री उठले. मुलीने पुढे केलेला हात त्यांनी धरला नाही. पलंगाखालून त्यांनी हत्यारांची पेटी ओढली. तळाशी जुन्या शर्टात गुंडाळलेले चार पॅड होते. प्रत्येकावर खडूने लिहिलं होतं: पुढचा डावा बाहेरचा, पुढचा डावा आतला, पुढचा उजवा बाहेरचा, पुढचा उजवा आतला. वर्कशॉपची शिस्त. काढलेली वस्तू जिथली तिथे परत गेली पाहिजे.

"परत देणार होतो," ते म्हणाले. "ट्रॅकवरून आला की सांगणार होतो. आधी सांगितलं असतं तर चिडला असता. त्याचा रविवार खराब नको म्हणून नाही सांगितलं."

बहीण खाली बसली आणि रडायला लागली. एका भिंतीवर भावाचा फोटो होता, समोर बाप होता. तिला कुणाकडे बघावं ते कळत नव्हतं.

"तो साखऱ्या अजून आत आहे?" मिस्त्रींनी विचारलं.

"आहे."

त्यांनी पॅड पुन्हा शर्टात बांधले. गाठ नीट बसली का ते ओढून पाहिलं. चपला घातल्या. दारापाशी खिळ्याला एक लहान आरसा टांगलेला होता. रोज बाहेर पडताना ते त्यात बघून केस सारखे करत. आज तिथे थांबले आणि बघतच राहिले.

"तुम्ही शब्द पाळलात, बाई," ते म्हणाले.

मग त्यांनी गाठोडं काखेत घेतलं आणि ते गल्लीतून ठाण्याकडे चालू लागले. भिंगबाई गाडीचं दार उघडून थांबल्या होत्या, पण मिस्त्री गाडीत बसले नाहीत.